कोंबडीच्या पिल्लांचे पाय: दोष, कारणे आणि उपचार

अंड्यातून बाहेर पडलेले कोंबडीचे पिल्लू काही तासांत उभे राहते आणि दुसऱ्या दिवशी चोच मारत हिंडू लागते. चिमणीच्या किंवा कबुतराच्या पिल्लाला हे जमत नाही, आणि त्याची त्यांना गरजही नसते. त्यांचे आईबाप घरट्यात आणून भरवतात. कोंबडी पिल्लांना दाणा दाखवते, भरवत नाही. दाण्यापर्यंत, पाण्यापर्यंत आणि आईच्या पंखाखालच्या उबेपर्यंत पिल्लाला स्वतःच्या पायांनीच जावे लागते. बाहेर पडण्यापूर्वी पोटात ओढून घेतलेला बलक त्याला साधारण दोन ते तीन दिवस पुरतो. पाय अधू असलेले पिल्लू त्यानंतर मरते, पण ते पायाच्या दुखण्याने नव्हे, भुकेने आणि तहानेने. त्यामुळे पायाचा दोष पहिल्याच दिवशी ओळखणे आणि बलक संपण्याच्या आत उपचार सुरू करणे हे या विषयाचे मर्म आहे.

बीदर जिल्ह्यातील औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण आणि हुलसूर हे तालुके आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद व अफजलपूर हा भाग महाराष्ट्राला लागून आहे. येथे मराठी, कन्नड आणि दख्खनी उर्दू एकाच ओसरीवर बोलल्या जातात आणि परसातील कोंबड्या तिन्ही भाषांच्या घरांत असतात. पूर्वी हा सारा कारभार गावरान कोंबडीवर चालत असे. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवायची, २१ दिवसांनी पिल्ले निघायची आणि पुढचे सर्व ती पाहायची. आता त्याबरोबर सुधारित जातीही आल्या आहेत. बंगळूरच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेल्या गिरिराजा आणि स्वर्णधारा, तसेच हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा आणि ग्रामप्रिया या त्यांपैकी प्रमुख होत. यांची पिल्ले एक दिवसाची असताना खोक्यातून येतात. त्यांच्यासोबत आई नसते.

आई पिल्लांसाठी चार कामे करते. ती ऊब देते. ती त्यांना खरखरीत मातीवर चालवते. ती उकिरडा उकरून किडे, कोवळा पाला आणि बी मिळवून देते. आणि ती त्यांना उन्हात नेते. खोक्यातून आलेल्या पिल्लांसाठी ही चारही कामे पाळणाऱ्याला करावी लागतात. त्यांतले एखादे राहून गेले, की ते बहुतेक वेळा पिल्लाच्या पायात दिसते.

पायाची रचना आणि तपासणी

कोंबडीच्या पायात मागे वळलेला दिसणारा सांधा गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत झाकलेला असतो. घोट्याखालची खवलेदार उघडी नळी म्हणजे वास्तविक उभे राहिलेले पाऊल आहे आणि पक्षी बोटांवर चालतो. तीन बोटे पुढे असतात आणि एक मागे. पोटरीच्या स्नायूंची जाड कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, घोट्याच्या मागील खाचेतून खाली उतरते. पाय ताठ करून अंग उचलण्याचे काम या कंडरेचे असते.

पिल्लाची हाडे जन्मतः अर्धवट कडक असतात. त्यांतले बहुतांश कॅल्शियम गर्भाने अंड्याच्या कवचातून घेतलेले असते. पुढे वाढीचा वेग प्रचंड असतो. मांसासाठीच्या ब्रॉयलर जातीचे पिल्लू पहिल्या सात दिवसांत जन्मवजनाच्या सुमारे चौपट होते. गावरान पिल्लू सावकाश वाढते, सुधारित परसातील जाती या दोहोंच्या मध्ये येतात. या वेगाचे दोन परिणाम होतात. कोवळे हाड आणि सैल कंडरा पहिल्या आठवड्यात हाताने जागेवर आणता येतात. पण याच वेगाने वाकडे राहिलेले हाड वाकडेच कडक होते. आज दोन दिवसांच्या पट्टीने सुधारणारा पाय पंधरवड्यानंतर कोणत्याही पट्टीने सुधारत नाही.

तपासताना प्रथम किती पिल्ले अधू आहेत ते मोजावे. एकाच पिल्लाचा पाय बिघडला असेल तर इजा, जन्मजात दोष किंवा घसरण ही कारणे संभवतात. एकाच वयाची अनेक पिल्ले एका आठवड्यात बसू लागली, तर कारण खाद्यात, उबवणीत किंवा रोगात शोधावे लागते. नंतर वय पाहावे. पहिल्या तीन दिवसांतील दोष बहुधा अंड्यातून किंवा जमिनीवरून आलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातील दोष खाद्यातील कमतरतेकडे बोट दाखवतो. शेवटी पिल्लू हातात घेऊन दोन्ही पायांची तुलना करावी. घोटा सुजला आहे का, गरम लागतो का, बोटे पोटाकडे मुडपली आहेत की बाजूला वळली आहेत, तळवा पकडतो का, डोळे टवटवीत आहेत का आणि चोच दाण्याला जाते का, हे एकाच वेळी पाहिले जाते.

फाकलेले पाय

नवजात पिल्लांत सर्वांत जास्त आढळणारा हा दोष आहे. पिल्लू पोटावर पडलेले असते आणि दोन्ही पाय कात्रीसारखे दोन बाजूंना पसरलेले असतात. कधी एकच पाय बाहेर सरकतो. मांडी आत ओढून धरणारे स्नायू जन्मतः दुबळे असतात. जमीन गुळगुळीत असेल तर उभे राहण्याच्या प्रत्येक प्रयत्नात पाऊल बाहेर सरकते, स्नायू ताणले जातात आणि पुढचा प्रयत्न आणखी अवघड होतो.

पिल्लांनी भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा दाण्यासारखा खाऊ नये, म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्यावर वर्तमानपत्र अंथरण्याची पद्धत सर्वत्र आहे. हेतू बरोबर असला तरी कागदावर पाणी सांडले की तो निसरडा होतो. प्लॅस्टिकचे टब, थर्माकोलची खोकी आणि फरशी यांचेही तेच. त्याऐवजी जुने गोणपाट ताणून अंथरावे किंवा खोक्याचा पन्हळी पुठ्ठा वापरावा. गोणपाटाच्या सुटलेल्या सुतळ्या आधी कापून टाकाव्यात. उबवणी यंत्राच्या तळाला जाळी किंवा खरखरीत कापड असावे. पिल्लू पहिली धडपड तेथेच करते. उबवताना तापमान कमी आणि दमटपणा जास्त राहिल्यास निघणारी मोठी, पाणथळ आणि बेंबी नीट न मिटलेली पिल्लेही पाय फाकवतात.

उपचार सोपा आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी मऊ चिकटपट्टी साधारण अर्धा सेंटिमीटर रुंदीची कापावी. पिल्लू एकाने कापडात हलके धरावे. दुसऱ्याने घोट्याखालच्या नळीभोवती एका पायाला एक वेढा घ्यावा, मध्ये दोन ते अडीच सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि दुसऱ्या पायाला वेढा घ्यावा. दोन पायांमधली पट्टी दुहेरी दुमडून चिकटवली म्हणजे बोटांना चिकटत नाही. नीट उभ्या राहिलेल्या पिल्लाच्या दोन पायांत असते तितकेच हे अंतर असावे. फार जवळ बांधल्यास पिल्लू तोल सांभाळू शकत नाही; फार लांब बांधल्यास बांधण्याचा उपयोग होत नाही. रबरबँड किंवा दोरा कधीही वापरू नये. तो वाढत्या पायात रुततो आणि रक्तप्रवाह थांबून पाऊल काळे पडते.

बांधलेले पिल्लू सुरुवातीला पाठीवर पडते आणि घाबरते. दर दोन-तीन तासांनी त्याला उचलून दोन्ही पाय पोटाखाली घेऊन काही मिनिटे उभे धरावे. पट्टी रोज सोडून पाय पाहावा आणि अंतर किंचित वाढवून पुन्हा बांधावी. पहिल्या दोन दिवसांत उपचार सुरू झाला तर बहुतेक पिल्ले तीन-चार दिवसांत सुटी चालतात. आठवडा उलटूनही मांडीचा सांधाच बाहेर राहिला असेल, तर सुधारणेची आशा फार कमी राहते.

मुडपलेली आणि वाकडी बोटे

बोटांचे दोन दोष दिसायला सारखे असले तरी वेगळे आहेत. बोटे बाजूला वळलेली असतील तर त्यांना वाकडी बोटे म्हणावे. उबवणीतील चुकीच्या तापमानामुळे, अंड्यातील अडचणीच्या स्थितीमुळे किंवा वंशातून ती येतात. असे पिल्लू बहुधा चांगले जगते. मात्र वारंवार वाकडी बोटे निघणाऱ्या कोंबडा-कोंबडीची अंडी उबवण्यासाठी निवडू नयेत.

बोटे आत, तळव्याकडे मुठीसारखी मिटलेली असतील तर त्यांना मुडपलेली बोटे म्हणावे. जन्मतः मुडपलेली बोटे सरळ करण्यासाठी पुठ्ठ्याचा जोडा करतात. पातळ पुठ्ठ्यावर पाऊल ठेवून, बोटे नैसर्गिक जागी पसरून त्यापेक्षा थोडा मोठा आकार कापावा. खालून चिकटपट्टी लावून तिच्यावर प्रत्येक बोट सरळ बसवावे आणि वरून दुसरी पट्टी हलकी दाबावी. हा जोडा एक ते दोन दिवस ठेवून काढावा, बोटे पाहावीत आणि गरज असल्यास पुन्हा घालावा. ओला झालेला जोडा लगेच बदलावा.

दहा ते चौदा दिवसांच्या पिल्लांत बोटे मुडपू लागली आणि ती घोट्यांवर टेकून चालू लागली, तर कारण बहुधा रायबोफ्लेविन म्हणजे जीवनसत्त्व ब-२ ची कमतरता असते. या जीवनसत्त्वाच्या अभावी पायाच्या मोठ्या मज्जातंतूंना सूज येते आणि बोटे उघडणारे स्नायू निकामी होतात. अशा वेळी पुठ्ठ्याचा जोडा एकटा काही करत नाही. वाढत्या पिल्लाला एक किलो खाद्यामागे सुमारे ३.६ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन लागते. ज्वारीच्या कण्या आणि तांदळाची चुरी यांत ते फार थोडे असते. म्हणून केवळ कण्यांवर बंद खोलीत वाढवलेल्या पिल्लांत हा दोष उठतो, तर त्याच कण्या खाणारी पण आईमागे उकिरड्यावर फिरणारी पिल्ले सुटतात. किडे, कोवळा पाला आणि शेणात जीवाणूंनी तयार केलेली जीवनसत्त्वे ती तूट भरून काढतात.

सुरुवातीच्या अवस्थेत रायबोफ्लेविनची १०० मायक्रोग्रॅमची एक मात्रा रोज, अशी लागोपाठ दोन दिवस दिली तर पिल्लू सुधारते. पुढे खाद्य सुधारावेच लागते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कोंबड्यांसाठीचे ब-समूहाचे द्रावण पाण्यातून देणे हा व्यवहार्य मार्ग आहे. असे पाणी सावलीत ठेवावे, कारण उजेडाने रायबोफ्लेविन नष्ट होते. बारीक चिरलेला शेवग्याचा किंवा मेथीचा पाला आणि खाद्यात कालवलेले थोडे ताक यांचाही आधार होतो. दीर्घकाळ मुडपलेल्या बोटांतील मज्जातंतूची हानी मात्र भरून येत नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीलाच ही कमतरता असेल तर गर्भ अंड्यात मरतात किंवा पिल्ले गाठी मारल्यासारखी लव घेऊन निघतात.

सरकलेली कंडरा

एका पायाचा घोटा अचानक रुंद आणि चपटा दिसू लागतो, पाय बाहेर किंवा आत वळतो आणि पिल्लू त्या पायावर अंग टाकू शकत नाही. घोट्याच्या मागच्या खाचेवर बोट फिरवल्यास कंडरा तेथे न लागता बाजूला, ताणलेल्या दोरीसारखी लागते. ती खाचेतून घसरलेली असते. पिल्लू कळवळून ओरडते, कारण हा दोष वेदनेचा आहे.

घसरण बहुतेकदा हाडाच्या टोकांची वाढ बिघडल्याने होते आणि त्यामागे मँगेनीज या खनिजाची कमतरता असते. अमेरिकेत विल्गस, नॉरिस आणि ह्यूसर या संशोधकांनी १९३६ मध्ये मँगेनीजचा या विकाराशी संबंध दाखवला. नंतर कोलीन, बायोटीन आणि इतर काही ब-जीवनसत्त्वांचा अभावही कारणीभूत ठरतो हे कळले. पिल्लाला खाद्याच्या दर किलोमागे सुमारे ६० मिलिग्रॅम मँगेनीज लागते. मक्यात ते अत्यल्प असते, गव्हाच्या कोंड्यात आणि भाताच्या कोंड्यात भरपूर असते. घरच्या घरी मका भरडून पिल्ले वाढवणाऱ्यांनी त्यात कोंडा मिसळण्याचे हे एक सबळ कारण आहे. कॅल्शियम आणि फॉस्फरसचा अतिरेक मँगेनीजचे शोषण अडवतो. हाडे मजबूत व्हावीत म्हणून चुना किंवा शिंपल्यांची भुकटी जास्त घातली, तर हेतूच्या उलट घडते.

कंडरा घसरल्यापासून काही तासांत ती परत बसवता येते. मांडी आणि पाय हळू मागे ताणून घोटा सरळ करावा, अंगठ्याने कंडरा बाजूने ढकलून खाचेवर आणावी आणि ती धरून ठेवतच घोटा पुन्हा नैसर्गिक कोनात वाकवावा. नंतर सांध्याभोवती मऊ पट्टी दोन-तीन दिवस ठेवावी. हे काम पशुवैद्यकाकडून करून घेणे किंवा एकदा त्यांच्यासमोर शिकणे उत्तम. खाच उथळ झालेली असेल तर कंडरा पुन्हा घसरते. त्या पिल्लाला वाचवता आले नाही तरी बाकीच्या कळपाचे खाद्य त्याच दिवशी सुधारावे, कारण तोच अभाव इतरांच्या हाडांतही वाढत असतो.

मुडदूस

दोन-तीन आठवड्यांची पिल्ले दोन पावले चालून घोट्यांवर बसतात, पंख पसरून आधार घेतात, चोच बोटाने दाबली तर रबरासारखी वाकते आणि पायाची हाडे वळतात. हा मुडदूस होय. जीवनसत्त्व ड-३, कॅल्शियम किंवा फॉस्फरस यांपैकी एकाच्या अभावाने किंवा कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण बिघडल्याने तो होतो.

१९२० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक यांनी बंदिस्त खुराड्यातील पिल्लांच्या या दुर्बल पायांचा अभ्यास केला. कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि सूर्यप्रकाश यांनी पिल्ले बरी होतात, हे त्या काळातील कामातून स्पष्ट झाले. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेत जीवनसत्त्व ड-३ तयार होते. हे किरण खिडकीच्या काचेतून पुरेसे आत येत नाहीत, त्यामुळे काचेआडचे ऊन ऊब देते, मुडदूस टाळत नाही. पक्ष्यांना ड-२ हा वनस्पतिजन्य प्रकार फारसा उपयोगी पडत नाही. औषध घेताना वेष्टनावर ड-३ असल्याची खात्री करावी.

या भागात ऊन कमी नाही. तरीही उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो म्हणून पिल्ले पत्र्याच्या खोलीत कोंडली जातात आणि पावसाळ्यात घार, मुंगूस व मांजर यांच्या भीतीने बाहेर सोडली जात नाहीत. यावर तोडगा म्हणजे सकाळच्या कोवळ्या उन्हात जाळीच्या डालग्याखाली पिल्ले ठेवणे. डालग्याचा अर्धा भाग पोत्याने झाकून सावली ठेवावी, म्हणजे पिल्लाला हवे तेव्हा सरकता येते.

पिल्लांच्या स्टार्टर खाद्यात कॅल्शियम सुमारे एक टक्का आणि प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास असतात. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या लेयर खाद्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या घरात असते. ते पिल्लांना दिल्यास मूत्रपिंडांना इजा होते. पोत्यावर काय छापले आहे ते वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून स्टार्टर आणि लेयर यांतला फरक समजून घ्यावा. या पट्ट्यात सोयाबीन घरोघरी असते, पण कच्चे सोयाबीन भरडून पिल्लांना देऊ नये. त्यातील घटक प्रथिनांचे पचन अडवतात आणि मुडदुसालाही हातभार लावतात. सोयाबीनची भाजलेली किंवा प्रक्रिया केलेली पेंड वापरावी. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड टाळावी. तिच्यातील अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवून जीवनसत्त्व ड च्या कामात अडथळा आणते.

पॉलिश तांदळाचा धडा

पिल्लू घोट्यांवर बसून मान पाठीकडे वळवते आणि आकाशाकडे पाहत राहते, तेव्हा जीवनसत्त्व ब-१ म्हणजे थायामिनचा अभाव संभवतो. जीवनसत्त्वांच्या शोधाची एक मोठी वाट याच लक्षणातून निघाली. डच वैद्य क्रिस्तियान आइकमन १८९० च्या दशकात जावा बेटावर काम करत असताना पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडल्याचे आणि कोंडा असलेला तांदूळ दिल्यावर त्या सुधारल्याचे त्यांनी पाहिले. या कामासाठी त्यांना १९२९ मध्ये नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. केवळ पांढऱ्या तांदळाची चुरी किंवा उरलेला भात खाऊन वाढणाऱ्या पिल्लांना तोच धोका आजही आहे. थायामिन लवकर दिल्यास पिल्लू काही तासांत मान सरळ करते. बदकाची पिल्ले पाळणाऱ्यांनी नायसिन या आणखी एका ब-जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावे. बदकांना ते कोंबडीपेक्षा बरेच जास्त लागते आणि त्याच्या अभावी त्यांचे पाय धनुष्यासारखे वाकतात.

चिकटलेली घाण, धागे आणि मोड

ओल्या भुशावर चालणाऱ्या पिल्लांच्या बोटांना विष्ठा आणि खाद्य चिकटून गोळे बनतात. ते ओढून काढल्यास नख उपटते आणि रक्त येते. पाय कोमट पाण्यात काही मिनिटे भिजवून गोळा बोटांनी चुरावा, पाय कोरडे करावेत आणि भुसा बदलावा. गोणपाटाचा धागा किंवा बाईचा लांब केस बोटाभोवती गुंडाळला की त्यापुढचा भाग सुजतो; बारीक कात्रीने तो कापून जागेवर पोव्हिडोन आयोडीन लावावे.

नळीचे हाड मोडले असेल तर पाय सरळ धरून दोन बाजूंना कापसाचा थर ठेवावा आणि पुठ्ठ्याची किंवा बांबूच्या कामटीची पातळ पट्टी बांधावी. कोवळे हाड लवकर जुळते. दहा दिवसांच्या सुमारास पट्टी काढता येते. मांडीच्या हाडाच्या मोडीला बाहेरून आधार देता येत नाही, तेथे विश्रांती एवढाच उपाय उरतो.

संसर्ग आणि विषाणू

पट्टी आणि जीवनसत्त्वे यांचा उपयोग न होणारा गट संसर्गाचा आहे. एक किंवा दोन्ही घोटे गरम, सुजलेले आणि दुखरे असतील, पिल्लू मलूल असेल, बेंबी ओली व दुर्गंधीयुक्त असेल, तर सांध्यात जीवाणू पोचलेले असतात. घाणेरडी अंडी उबवणे हे याचे मोठे कारण आहे. प्रतिजैविक कोणते आणि किती द्यायचे हे पशुवैद्यकानेच ठरवावे. माणसांच्या गोळीचा तुकडा पाण्यात टाकणे पिल्लाला आणि माणसालाही घातक ठरते.

एक ते तीन आठवड्यांच्या पिल्लांत पाय लुळे पडून डोके आणि मान थरथरत असतील, तर मेंदू व मज्जारज्जूला सूज आणणारा एक विषाणुजन्य रोग संभवतो. तो अंड्यातून येतो आणि त्यावर उपाय नाही. प्रजननाच्या कोंबड्यांना लस देऊनच तो रोखला जातो. मानमोडी, म्हणजे रानीखेत, याच्या मज्जासंस्थेच्या प्रकारातही पाय आणि पंख लुळे पडतात. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देण्याची लस हा त्यावरचा खरा बचाव होय. हंगेरीचे पशुवैद्यक योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये वर्णन केलेल्या मारेक रोगात एक पाय पुढे आणि एक मागे पसरतो. तो बहुधा काही आठवड्यांनंतर दिसतो, पण लस मात्र पिल्लू निघाल्याच्या दिवशीच द्यावी लागते. खोक्यातून पिल्ले घेताना ती टोचली आहे का, हे विचारून घ्यावे.

अनेक पिल्ले एकदम लुळी पडली किंवा मरू लागली तर ती विकू नयेत, वाटू नयेत आणि मेलेली उघड्यावर टाकू नयेत. बीदरमधील नंदीनगर येथे कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, तालुक्याच्या गावी सरकारी पशुचिकित्सालये आहेत आणि कमलनगर-औरादकडच्या लोकांना महाराष्ट्रातील उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही जवळ आहे. कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांना सांगताना ‘कोळी मरी’ म्हणजे कोंबडीचे पिल्लू आणि ‘कालु’ म्हणजे पाय, हे दोन शब्द पुरेसे होतात. नुकतेच मेलेले पिल्लू थंड ठेवून नेल्यास शवविच्छेदनातून रोगाचे नाव कळू शकते.

अधू पिल्लाची निगा

उपचार चालू असताना पिल्लाला स्वतंत्र ठेवावे, कारण इतर पिल्ले त्याला टोचतात आणि तुडवतात. मात्र त्याला सोबत्यांचा आवाज ऐकू येईल आणि ती दिसतील अशी जाळी मध्ये असावी. एकटे पडलेले पिल्लू सतत ओरडून शक्ती घालवते. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात खडे टाकावेत, नाहीतर पाय बांधलेले पिल्लू त्यात बुडते. खाद्य ओलसर करून चोचीजवळ ठेवावे आणि दिवसातून चार-पाच वेळा चोच पाण्यात हलकेच बुडवून पाणी पाजावे.

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सियस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी ते कमी करतात. पिल्लाचे पाऊल गालाला लावून पाहणे ही सोपी चाचणी आहे. पाऊल थंड लागले तर ऊब कमी आहे. पिल्ले दिव्याखाली गोळा होत असतील तर त्यांना थंडी वाजते, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडते. वीज गेल्यावर कोळशाची शेगडी ठेवल्यास खोली हवेशीर असावी, कारण कोळशाच्या धुरातील वायूने पिल्ले आणि माणसे दोघेही गुदमरतात. पिल्ले हाताळल्यानंतर, विशेषतः लहान मुलांनी, साबणाने हात धुवावेत.

आठवडाभर प्रामाणिक प्रयत्न करूनही जे पिल्लू उभे राहत नाही, खात नाही आणि वेदनेत आहे, त्याला पशुवैद्यकाच्या मदतीने शांत मरण देणे हीच त्याची शेवटची सेवा ठरते.

प्रतिबंध अंड्यापासून

पायाचे बरेच दोष पिल्लू निघण्यापूर्वीच टाळता येतात. उबवण्यासाठी सात दिवसांपेक्षा जुनी अंडी घेऊ नयेत. कडक उन्हाळ्यात घरात ठेवलेल्या अंड्यात गर्भाची अर्धवट वाढ सुरू होते आणि तो दुबळा होतो. त्यामुळे ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात अंडी साठवावीत. यंत्रात उबवताना तापमान ३७.५ अंशांच्या आसपास स्थिर असावे, दमटपणा पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के असावा, आणि १८ दिवसांपर्यंत अंडी दिवसातून अनेकदा फिरवावीत. प्रजननाच्या कोंबड्यांना हिरवा पाला, खनिज मिश्रण आणि मोकळे ऊन मिळाले तर त्यांच्या अंड्यातच पिल्लाच्या पायांची तरतूद होते.

पिल्ले आल्यावर चार गोष्टींची सोय असावी: पाऊल घसरणार नाही अशी खरखरीत जमीन, चोवीस तास योग्य ऊब, कण्यांऐवजी किमान पहिले सहा आठवडे संतुलित स्टार्टर खाद्य, आणि रोजचे थोडे खरे ऊन. दिवसातून एकदा, दाणा टाकल्यावर, सर्व पिल्ले धावत येतात की एखादे मागे राहते, हे मोजून पाहावे. मागे राहिलेले पिल्लू त्याच वेळी उचलून तपासले, तर बहुतेक पायांवर वर सांगितलेले उपचार अजून चालतात.